गोधडीची सावड

निंदणाची किंवा सोंगणीची सावड बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यांस नवी नाही. आज एकाच्या शेतात, तर उद्या दुसऱ्याच्या, अशा पाळीने कामे उरकतात. रोख पैसा लागत नाही आणि कोणी कोणाचे मिंधे राहत नाही. गावातील स्त्रियाही गोधडी शिवताना अशाच एकमेकींच्या ओसरीवर बसत आल्या आहेत. एकीच्या घरी लेकीचे बाळंतपण असे, दुसरीकडे लग्नाचे पाहुणे यावयाचे असत. घरातील जुनेरे बाहेर निघत, चौघी चार कडांना बसत आणि थंडी पडण्यापूर्वी घरात नवे पांघरूण तयार होई.

ही बैठक आता पुष्कळ गावांतून मोडत चालली आहे. आठवडी बाजारात स्वस्त ब्लँकेटे मिळतात. सुती लुगड्यांच्या जागी कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या आहेत. आणि मुख्य अडचण वेळेची आहे. ‘येळच कुठी भेटते बाई?’ हे उत्तर गावात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीच्या कानावरून गेलेले असते. ब्लँकेट विकत मिळते, हे खरे. परंतु गोधडीच्या निमित्ताने चार स्त्रिया दोन तास एका जागी बसत, ते बसणे बाजारात मिळत नाही. ते मोडल्याने काय हरवते, आणि ते पुन्हा सुरू करावयाचे तर वेळ कसा काढावा, याचा विचार या पाठात केला आहे.

वेळ जातो कोठे?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्या कामांत जातात असे तीत आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ९७ मिनिटे होता. शिवाय अशी कामे करणारे पुरुषच मुळात थोडे : शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी हे काम करतात, तर शंभर पुरुषांपैकी सुमारे २६. शेतातील मजुरी, घरच्या शेतातील राबणूक आणि गुरांचे पाहणे हे सर्व या पाच तासांहून वेगळे आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. ‘फावल्या वेळी बसू’ असे म्हटल्याने बैठक कधीही होणार नाही, कारण शेतकरी स्त्रीच्या दिवसात फावला वेळ असा उरतच नाही. पाण्याच्या पाळीचा अनुभव येथे उपयोगी पडेल. पाळी ठरलेली नसेल तर वरचे शेतकरी पाणी घेत राहतात आणि अखेरच्या शेतापर्यंत चारी कोरडी राहते. पाळी ठरली, वेळ ठरली, की अखेरच्या शेतालाही पाणी मिळते. घरातील स्त्रीचा स्वतःचा वेळ हे असेच अखेरचे शेत आहे. त्याची पाळी आधी बांधून घेतली पाहिजे आणि ती घरातील सर्वांनी मान्य केली पाहिजे.

एका गोधडीचा हिशेब

वेळ किती लागतो हे ठाऊक नसले म्हणजे काम डोंगराएवढे वाटते. म्हणून हिशेब मांडून पाहावा.

सात फूट लांब व पाच फूट रुंद गोधडी घेतली आणि एकेक इंचाच्या अंतराने धावदोरा घातला, तर पाच फुटांच्या रुंदीत साठ ओळी बसतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे एकूण ४२० फूट टाका झाला. सराईत हात तासाला चौदा फूट टाका घालतो असे धरल्यास एका गोधडीला तीस तास लागतात.

एकटीने रोज अर्धा तास काढला तर हे काम साठ दिवस चालेल. मधेच लग्नकार्य, आजारपण किंवा पाहुणे आले की गोधडी गुंडाळून कोनाड्यात जाते आणि पुष्कळदा तेथेच राहते. चौघी एकत्र बसल्या आणि एका बैठकीस दोन तास दिले, तर एका बैठकीत आठ तासांचे काम होते. चार बैठकांत गोधडी पूर्ण होते.

आता सावडीचा हिशेब पाहावा. चार घरच्या चार गोधड्या म्हणजे सोळा बैठका. प्रत्येकीने इतर तिघींच्या गोधड्यांवर चोवीस तास दिले आणि तिच्या गोधडीवर इतर तिघींचे चोवीस तास पडले. देणे-घेणे सरळ फिटले. आठवड्यातून दोनदा बसल्यास आठ आठवड्यांत चारही घरांत एकेक गोधडी होते. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण येथे हिशेबानेही खरी ठरते.

वर्षाचे वेळापत्रक

बैठकीचे दिवस पिकांच्या हंगामावरून ठरवावे. जिल्ह्यात घाटावर व घाटाखाली हंगाम थोडाफार मागेपुढे होतो. म्हणून पुढील वेळापत्रक प्रत्येक गावाने आपल्या सोयीप्रमाणे बदलून घ्यावे.

जून व जुलै : पेरणी, डवरणी व निंदण यांची घाई असते. या दिवसांत बैठक ठरवू नये. मात्र झड लागली आणि शेतात पाय ठेवता येईना, तर ज्यांना जमेल त्यांनी जवळच्या ओसरीवर बसावे.

ऑगस्ट व सप्टेंबर : निंदणाचा जोर ओसरल्यावर, पोळा व महालक्ष्मी यांच्या पुढेमागे काही दिवस मोकळे मिळतात. लहान कामे, म्हणजे बाळाची दुपटी, पिशव्या व उशांचे अभ्रे, या दिवसांत हाती घ्यावी.

ऑक्टोबर ते जानेवारी : सोयाबीनची सोंगणी व मळणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. ज्या घरी वेचणीची मजुरी हाच आधार आहे, त्या घरच्या स्त्रीस या दिवसांत बैठकीचा आग्रह करणे योग्य नव्हे. १२ जानेवारीस सिंदखेडराजा येथे व गावोगावी जिजाऊ जन्मोत्सव होतो. त्या निमित्ताने स्त्रिया एकत्र येतात, तेव्हा उन्हाळ्यातील बैठकांची आखणी करून ठेवावी.

फेब्रुवारी व मार्चचा पूर्वार्ध : हरभरा व गहू काढणीचे दिवस. घरातील जुनेरे निवडून, धुऊन, वाळवून ठेवण्याचे काम प्रत्येकीने आपापल्या घरी करावे.

मार्चचा उत्तरार्ध ते मे अखेर : कोरडवाहू गावांत हाच खरा गोधडीचा हंगाम. या दहा आठवड्यांत आठवड्यास दोन याप्रमाणे वीस बैठका होऊ शकतात. वरील हिशेबातील सोळा वजा जाता चार बैठका लग्नसराईसाठी व अडीअडचणीसाठी शिल्लक राहतात. भेंडवळच्या घटमांडणीची चर्चा गावात सुरू होते, म्हणजे अक्षय्य तृतीया येते, तोवर निम्म्याहून अधिक काम झालेले असावे. पुढे पाऊस तोंडावर येतो व लक्ष बियाण्याकडे जाते.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई हा मोठा अडथळा असतो. ज्या दिवशी नळास पाणी येते किंवा टँकर येतो, तो दिवस बैठकीस घेऊ नये.

बैठक कशी भरवावी?

चार ते सहा जणी पुरेत. त्याहून अधिक झाल्यास दोन गट करावे, कारण एका गोधडीभोवती अधिक हात बसत नाहीत. जागा पाळीपाळीने घ्यावी. ज्या घरी चहापाण्याचा खर्च जड वाटेल त्या घरावर तो पडू नये म्हणून ‘बैठकीत फक्त पाणी’ असा नियम पहिल्याच दिवशी करणे बरे. मंदिराची ओसरी, शाळेचा व्हरांडा किंवा अंगणवाडीची खोली मोकळी असेल तर तीही चालते. शिवणाला उजेड लागतो, म्हणून दुपारी तीन ते पाच ही वेळ चांगली.

चाळिशी उलटलेल्या कित्येक स्त्रिया सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून शिवण सोडून देतात आणि लाजेने कारण सांगत नाहीत. जवळचे पाहण्याचा साधा चष्मा मिळाला की त्या पुन्हा शिवू लागतात. आशा कार्यकर्तीने अशा स्त्रियांस नेत्रतपासणीच्या शिबिरास न्यावे. तोपर्यंत बैठकीतील एखाद्या मुलीने दहा-बारा सुया ओवून ठेवाव्या. मुलीला काम मिळते आणि आजीबाईंचा हात थांबत नाही.

पुरुषांचा वाटा स्पष्ट बोलून ठरवावा. दोन तास लहान मुलास सांभाळणे, गुरांस पाणी दाखवणे, संध्याकाळच्या पाण्याची घागर भरून ठेवणे, एवढ्यानेही बैठक होऊ शकते. सासूबाई घरात असतील तर त्यांनाच बैठकीत पहिले बोलावणे करावे. गोधडीचे टाके त्यांना ठाऊक असतात. त्या शिकवायला बसल्या म्हणजे सुनेच्या जाण्याला घरात हरकत उरत नाही.

कापड व टाका

हा जिल्हा कापसाचा आहे. खामगावची बाजारपेठ कापसामुळे एवढी मोठी होती की १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा घालण्यात आला. त्याच जिल्ह्यात आज गोधडीसाठी सुती जुनेर शोधावे लागते. यास्तव कापडाची निवड काळजीने करावी.

१. अंगास लागणारी दोन्ही बाजूंची कापडे शक्यतो सुती असावी. सुती कापड घाम शोषते आणि त्यातून सुई सहज जाते. कृत्रिम धाग्याचे कापड घसरते व त्यावर टाका नीट बसत नाही. ते पेटल्यास वितळून कातडीस चिकटते. चुलीजवळ निजणाऱ्यांसाठी व तान्ह्या मुलांसाठी असे कापड वापरू नये.

२. जुनेरे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. गुंड्या, हुक, टिकल्या व जाड शिवणी काढून टाकाव्या. खारपाणपट्ट्यातील गावांत विहिरीच्या पाण्यात साबणास फेस येत नाही. तेथे धुण्यासाठी गोडे पाणी मिळेल तो दिवस पाहावा.

३. खालचे कापड सपाट जागी ताणून अंथरावे व चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे. त्यावर आतील तुकडे एकाशेजारी एक पसरावे. एकावर एक दुमड येऊ देऊ नये. सर्व मिळून चार ते पाच थर पुरेत. फार जाड गोधडी भिजल्यावर एकटीला उचलवत नाही व लवकर वाळत नाही. मग ती धुतलीच जात नाही.

४. वरचे कापड घातल्यावर मध्यापासून कडांकडे लांब कच्चे टाके घालावे, म्हणजे आतील तुकडे सरकून गोळा होत नाहीत.

५. मग चौघींनी चार कडांना बसून धावदोरा घालावा. कडेशी समांतर ओळी घालीत सर्वजणी आत मध्याकडे सरकत जातात. प्रत्येकीचा टाका वेगळा ओळखू येतो. तो उसवून एकसारखा करण्याची गरज नाही.

६. शेवटी कच्चे टाके काढून कडेला पट्टी लावावी.

घरात कोणास खरूज झाली असेल तर सर्वांनी एकाच वेळी आरोग्य केंद्रातून औषध घ्यावे आणि पांघरुणे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. त्यामुळे जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस बाजूला ठेवावे.

कोणी बाहेर राहू नये

गावातील स्त्रिया एकत्र येण्याचे नेहमीचे निमित्त म्हणजे हळदीकुंकू. परंतु त्या समारंभास विधवा स्त्रीला बोलावण्याची चाल नव्हती, आणि कित्येक गावांत ती अजूनही पडलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना कमीपणा देणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे सुचविले. ठराव करणे चांगलेच. पण ठरावानंतर रोजच्या व्यवहारात जागा कोठे मिळणार, हा प्रश्न उरतो.

गोधडीला सवाष्ण लागत नाही, हात लागतो. बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने २००६ मध्ये विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. घरचा कर्ता गेल्यावर शेत, कर्ज व मुले यांचा भार एकटीच्या शिरावर येतो आणि त्याच वेळी शेजारपाजारचे येणेजाणे थांबते. अशा घरी आधी मदतीची भाषा घेऊन जाऊ नये. ‘आमच्या गोधडीला एक हात कमी पडतो, तू ये,’ असे शेजारणीने म्हणावे. मदत घेण्यास जी संकोचते, ती मदत देण्यासाठी येते. तिच्या घरची गोधडीही मग सावडीच्या पाळीने होतेच.

रिकामी राहिलेली कड

हात कामात आणि नजर टाक्यावर असली म्हणजे समोरासमोर न बोलता येणाऱ्या गोष्टी बोलल्या जातात. सावकाराचा तगादा, नवऱ्याचे दारू पिणे, मुलीचे थांबलेले शिक्षण, कित्येक दिवस अंगावर काढलेले दुखणे, हे सर्व अशा बैठकीत प्रथम बाहेर येते. कार्यालयातील अर्जावर ते कधीच येत नाही.

तसेच जी येत नाही, तिच्याकडेही बैठकीचे लक्ष जाते. चौघींपैकी एक आली नाही तर गोधडीची एक कड रिकामी राहते आणि ती सर्वांना दिसते. म्हणून एक नियम करावा : कोणी लागोपाठ दोन बैठका न सांगता चुकवल्या, तर दोघींनी मिळून तिच्या घरी जावे. जाब विचारण्यासाठी जाऊ नये, नुसते भेटून यावे. बहुतेक वेळा कारण साधे असेल. एखादे वेळी ते साधे नसेल, आणि तेव्हा दोन दिवस आधी गेल्याने अनर्थ टळू शकेल. मन खचलेल्या माणसासाठी टेलि-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी १८१ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक बैठकीच्या जागी भिंतीवर लिहून ठेवावे.

बैठकीत ऐकलेले बैठकीतच राहावे. कार्यकर्तीने तेथे वही उघडून नोंदी घेऊ नयेत. एकीचे बोलणे एकदा जरी चावडीवर गेले, तरी पुढच्या वेळी सर्वजणी मुक्याने शिवतील.

विक्रीचा विचार

गोधड्या शिवल्या जातात असे दिसताच त्यांचा उद्योग काढावा, अशी इच्छा कार्यकर्त्यांस होणे साहजिक आहे. तसे झाल्याची उदाहरणेही आहेत. बिहारमधील मुजफ्फरपूर जिल्ह्यात भुसुरा या गावी १९८८ च्या सुमारास जुन्या ‘सुजनी’ शिवणाचे काम संघटितपणे सुरू झाले. सुजनी म्हणजे मुळात जुन्या साड्यांची, तान्ह्या बाळासाठी शिवलेली गोधडीच. तेथील स्त्रियांनी तीवर फुलापानांबरोबर हुंडा, दारू, मुलींचे शिक्षण हे आपल्या घरातील प्रश्नही दोऱ्याने काढले आणि त्या कामास गावाबाहेर मागणी आली.

परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, किमतीचा हिशेब. तीस तास म्हणजे जवळजवळ चार दिवसांची मजुरी. दोरा व पट्टीचा खर्च वेगळा. एवढी किंमत मिळत नसेल तर ती विक्री तोट्याची आहे, आणि तो तोटा स्त्रीच्या श्रमातून भरला जातो. दुसरी, विक्रीची कामे व सावडीची बैठक यांचे दिवस वेगळे ठेवावे. मागणी, मुदत व मोजमाप यांची घाई बैठकीत शिरली की विसाव्याचे दोन तासही मजुरीचे होतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिच्या पाठोपाठ गावोगावी महिला मंडळे निघाली आणि ग्रामसेविकांनी शिवणाचे वर्ग चालविले. आज त्या जागी बचत गट व ग्रामसंघ आहेत आणि त्यांच्या नियमित बैठका होतात. त्या बैठकीच्या दिवसालाच जोडून गोधडीची एक बैठक ठेवल्यास वेगळा दिवस शोधावा लागत नाही. मात्र कर्जाचे हप्ते व हिशेब आधी संपवावे आणि मगच सुई हाती घ्यावी.

प्रेरिका, अंगणवाडी सेविका किंवा आशा यांनी पहिल्या दोन बैठकांस हजर राहावे आणि तिसरीपासून स्त्रियांवर सोपवून मागे सरावे. उद्दिष्टांचे आकडे ठरवू नयेत. गावात एका वर्षी चार घरच्या चार गोधड्या झाल्या आणि त्या चौघी पुढच्या उन्हाळ्यात आपण होऊन पुन्हा बसल्या, तर काम साधले असे समजावे.

घाटावरच्या गावांत थंडी अंगाला झोंबते, तेव्हा अशी गोधडी पांघरणाऱ्या स्त्रीला तिच्या चारही कडा ठाऊक असतात. कोणती कड कोणत्या शेजारणीने शिवली हे तिला अंधारातही बोटांनी सांगता येते. अडचणीच्या दिवशी कोणाचे दार वाजवावे, हेही तिला त्यामुळेच ठाऊक असते. येत्या उन्हाळ्यासाठी बैठकीचा वार आजच ठरवावा.